इतिहासाचार्य राजवाडे

लढाई होते, एक पक्ष जिंकतो, दुसरा हरतो. आणि दोन-तीन पिढ्या उलटल्या, की ती लढाई डोळ्यांनी पाहिलेला एकही मनुष्य उरत नाही. राजवाड्यात शिजलेले कारस्थान तर मुळातच गुप्त असते. ज्यांना ते ठाऊक असते ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांना ते पुरते ठाऊक नसते. मग शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या युद्धांचा व कारस्थानांचा खरा वृत्तांत पुढील लोकांना कळावा तरी कसा? लोक गोष्टी सांगतात, शाहीर पोवाडे गातात. परंतु त्यांत खरे किती आणि पदरचे किती, हे कोणी ठरवावे?

हा प्रश्न सर्व देशांतील इतिहासकारांना पडलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोम येथे सॅलस्ट नावाचा इतिहासकार होऊन गेला. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये कॅटिलाइन नावाच्या एका उमरावाने रोमची सत्ता बळकावण्याचा कट केला होता. त्या कटाचा इतिहास सॅलस्टने लिहिला. आफ्रिकेतील जुगुर्था राजाशी रोमने जे युद्ध केले, त्याचाही इतिहास त्याने लिहिला. कोण जिंकले एवढे सांगून तो थांबला नाही. आपल्या राज्यातील थोर घराण्यांना द्रव्याचा व अधिकाराचा लोभ कसा जडला आणि त्यामुळे राज्य आतून कसे पोखरले गेले, हे त्याने स्वकीयांना स्पष्टपणे सांगितले. कटाच्या वेळी सॅलस्ट तरुण होता. त्या काळातील पुढारी त्याच्या माहितीतले होते.

महाराष्ट्रात हेच कठीण कार्य ज्यांनी हाती घेतले, त्या विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांना असा काही लाभ नव्हता. पानिपतचे युद्ध होऊन शंभर वर्षे उलटल्यावर ते जन्मास आले. त्यांना साक्षीदार शोधावे लागले, ते जुन्या कागदांत. हे साक्षीदार माळ्यावर, तळघरात व फडताळात पडून होते आणि वाळवी त्यांना दिवसेंदिवस खात होती.

राजवाडे यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र त्यांच्या बालपणीच हरपले. पुढील शिक्षण पुण्यास झाले. विद्यार्थी म्हणून ते बुद्धिमान होते, परंतु नेमलेली पुस्तके तेवढी घोकून परीक्षा द्यावी, हा त्यांचा स्वभाव नव्हता. डेक्कन कॉलेजात असताना तेथील ग्रंथसंग्रहावर त्यांचे जितके लक्ष असे, तितके परीक्षेवर नसे. इतिहास, तत्त्वज्ञान, राजनीती, भाषाशास्त्र अशा अनेक विषयांवरील ग्रंथ त्यांनी तेथे वाचून काढले. साहजिकच पदवी मिळण्यास वेळ लागला. परंतु पदवी हाती आली त्या वेळी त्यांच्याजवळ पदवीहून पुष्कळ अधिक असे काही जमा झाले होते.

त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरी सहज मिळत असे. राजवाडे त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काही काळ शिक्षकाचे काम केले आणि नंतर तेही सोडले. त्यांचा विवाह झाला होता, परंतु अल्पकाळातच पत्नीचे निधन झाले. राजवाडे यांनी पुन्हा विवाह केला नाही. घर नाही, संसार नाही, वेतन नाही, अशा स्थितीत दुसरा एखादा मनुष्य खचून गेला असता. राजवाडे यांनी मात्र या मोकळेपणाचा उपयोग सारे आयुष्य एका कामाला वाहून टाकण्यासाठी केला.

आरंभी त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत, ही त्यांची इच्छा होती. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याच्या राज्यशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथाचे भाषांतर त्यांनी स्वतः केले. मासिकाला पैशाचे पाठबळ नव्हते. ते सुमारे तीन वर्षे चालून बंद पडले. याच सुमारास त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

वाई येथील एका जुन्या घराण्यात पेशवाईतील कागदपत्रे आहेत, असे त्यांना समजले. ते तेथे गेले आणि त्यांनी कागद उलगडून पाहिले. ते कागद म्हणजे पेशवे, त्यांचे सरदार व कारभारी यांनी एकमेकांना लिहिलेली अस्सल पत्रे होती. त्यांतील पुष्कळ पत्रे पानिपतच्या मोहिमेच्या काळातील होती. ज्या संग्रामाने महाराष्ट्रातील असंख्य घरे शोकात बुडविली, त्या संग्रामात प्रत्यक्ष गुंतलेल्या माणसांची अक्षरे राजवाडे यांच्या डोळ्यांसमोर होती.

या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मराठ्यांचा सलग इतिहास तोपर्यंत मुख्यतः ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून वाचला जात असे. डफने परिश्रम पुष्कळ केले होते, परंतु असंख्य घराण्यांतील कागद त्याच्या दृष्टीस पडलेले नव्हते. दुसरे साधन म्हणजे बखरी. बखरींची भाषा मोठी रसाळ. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना पानिपतचे रणांगण डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि बखर ही पुष्कळदा प्रसंग घडून गेल्यावर, ऐकीव माहितीवरून लिहिली जाई. तीत तिथी चुकत, सैन्याचे आकडे फुगत, आणि लेखक ज्याच्या पदरी असे त्याची बाजू उजळ होई. पत्राचे तसे नसते. छावणीत बसून पैसा व धान्य यांची मागणी करणाऱ्या सेनापतीला शोभिवंत कथा रचण्यास सवड नसते. तो आज काय अडले आहे तेवढेच लिहितो. म्हणून प्रसंग घडत असताना लिहिलेले साधे पत्र हे मागाहून लिहिलेल्या सुंदर बखरीपेक्षा अधिक विश्वासार्ह समजावे, असा दंडक राजवाडे यांनी घातला.

वाईस मिळालेल्या पत्रांचा संग्रह १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा हा पहिला खंड होय. त्याला राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावना जोडली आणि तीत पानिपतच्या मोहिमेचा उभा-आडवा तपास केला.

ती मोहीम थोडक्यात अशी होती. सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्च महिन्यात दक्षिणेतून निघाले. ऑगस्टमध्ये त्यांनी दिल्ली घेतली आणि ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला. परंतु त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. दोन्ही सैन्ये पानिपतजवळ समोरासमोर तळ देऊन बसली. अडीच महिने असे गेले. मराठ्यांच्या तळात धान्य संपत आले, जनावरे मरू लागली. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, अशा निर्धाराने १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे बाहेर पडले. त्या एका दिवसात विश्वासराव, सदाशिवरावभाऊ आणि हजारो वीर धारातीर्थी पडले.

इतकी कथा सर्वांना ठाऊक होती. पराभव का झाला, या प्रश्नाला मात्र लोकांजवळ तयार उत्तरे होती. कोणी दैवाला दोष देई, कोणी भाऊंच्या हट्टाला, कोणी ग्रहदशेला. राजवाडे यांनी ही उत्तरे बाजूला सारली आणि पत्रे लावून पाहिली. भाऊंनी अंतर्वेदीतील मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांना लिहिलेली पत्रे त्यांत होती. यमुनेवर नावा जमवाव्यात, पैसा पाठवावा, शत्रूच्या मुलखात धामधूम करून त्याची रसद तोडावी, अशा गोष्टी भाऊ त्यांना वारंवार कळवीत होते. या पत्रांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. पानिपतचा निकाल एका दिवसाच्या तलवारबाजीने लागला नव्हता. नावा वेळेवर मिळाल्या की नाहीत, धान्याच्या गोण्या कोठे अडल्या, खजिना केव्हा पोहोचला, सरदारांत एकमत होते की नव्हते, अशा अनेक कारणांची साखळी त्यामागे होती.

पराभवाचा विचार करणे कोणालाही आवडत नाही. आपल्या पूर्वजांचे पराक्रम सांगावेत आणि त्यांच्या चुकांवर पांघरूण घालावे, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात त्या वेळी देश पारतंत्र्यात होता. परकीयांच्या राज्यात राहणाऱ्या लोकांना आपला गौरव ऐकण्याची विशेष तहान असते. राजवाडे यांचे स्वदेशावर आणि स्वभाषेवर उत्कट प्रेम होते. तरीही, किंबहुना त्यामुळेच, स्वकीयांचे दोष लपवू नयेत अशी त्यांची वृत्ती होती. रोग लपविला तर औषध सापडत नाही. सॅलस्टने रोमच्या उमरावांना जो आरसा दाखविला, तसाच आरसा राजवाडे यांनी आपल्या लोकांपुढे धरला. भेद एवढाच, की सॅलस्ट स्वतः राजकारणात वावरलेला, ज्युलियस सीझरच्या पक्षाचा मनुष्य होता. राजवाडे कोणा सरदाराच्या पदरी नव्हते. त्यांना वागवावयाची भीड होती ती फक्त अस्सल कागदाची.

असे कागद वाचणे सोपे नव्हते. ते मोडी लिपीत लिहिलेले असत. मोडी लिहिताना कारकून बोरू शक्यतो न उचलता ओळ पुरी करीत. अक्षराला अक्षर जोडले जाते, शब्द कोठे संपला ते समजत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. कागद दुमडून दुमडून घडीवर फाटलेला, कडेला कसर लागलेली, शाई पाण्याने पसरलेली, अशा स्थितीत एकेक शब्द लावण्यात कधी कधी पुष्कळ वेळ जाई.

अक्षर लागले तरी तारीख लागेलच असे नाही. पेशवाईतील पत्रात पुष्कळदा चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना एवढेच दिलेले असते. साल मुळीच नसते. कित्येकदा साल असते, पण ते अंकांत नसून अरबी शब्दांत असते. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. या सर्वांची बेरीज ११६१ होते. हा शुहूर सन होय. तो सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या आरंभी, सुरू होतो. तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी त्यात ५९९ आणि पुढील जानेवारीपासून ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. याप्रमाणे ११६१ या सालातील जानेवारी महिना १७६१ मध्ये पडतो. हाच तो पानिपतच्या संग्रामाचा महिना. पंचांगाप्रमाणे तो दिवस शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी हा होता. पत्राचे साल एका वर्षाने चुकले तर कारण मागे आणि परिणाम पुढे, हा क्रमच उलटतो आणि निरपराध मनुष्य अपराधी ठरतो. म्हणून राजवाडे एकेका पत्राची तिथी निश्चित करण्यासाठी त्यातील मजकूर, माणसांची नावे आणि इतर पत्रांतील उल्लेख ताडून पाहत.

पहिल्या खंडानंतर राजवाडे यांना स्वस्थ बसवेना. वाईच्या एका घरात एवढे धन निघाले, तर सगळ्या महाराष्ट्रात किती असेल? जुन्या वाड्यांत रुमालात बांधलेली दप्तरे पडून होती. त्यांचे मोल घरच्यांना ठाऊक नव्हते. मोडी वाचणारी पिढी मागे पडत चालली होती. कोठे दप्तरावर पावसाचे पाणी गळत होते, कोठे ते रद्दीत जात होते. जो कागद आज नष्ट झाला तो उद्या कोणत्याही विद्वानाला परत आणता येणार नाही, ही जाणीव राजवाडे यांना गप्प बसू देईना. त्यांनी भ्रमंती आरंभिली.

ही भ्रमंती पुढे आयुष्यभर चालली. थोडेसे सामान बरोबर घ्यावे, मिळेल त्या वाहनाने नाही तर पायी जावे, स्वतःच्या हाताने शिजवून खावे आणि गावोगावच्या इनामदार, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठपती यांच्या दारांत उभे राहावे, असा त्यांचा क्रम असे. सर्वत्र स्वागत होई असे नाही. जुना कागद दाखविला तर आपले वतन जाईल, भाऊबंद वाद उकरून काढतील, अशी भीती लोकांना वाटे. कोणी आज नको, उद्या या म्हणून परत पाठवी. कोणी दप्तर दाखवी, पण नक्कल करू देत नसे. राजवाडे मानी होते, स्वभावाने तापट होते. परंतु कागदासाठी त्यांनी अपमानही गिळले. मिळालेल्या पत्रांच्या नकला करून, त्यांवर टिपा लिहून, जसे साहाय्य मिळेल तसे त्यांनी एकामागून एक खंड छापून काढले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले. राज्यसंस्थेचे पाठबळ असलेल्या मंडळींनी करावे एवढे हे काम एका निष्कांचन मनुष्याने उभे केले.

लढाईपेक्षाही कारस्थानाच्या इतिहासात अशा अस्सल पुराव्याची गरज अधिक असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. चुलते रघुनाथराव त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. नारायणरावांना धरावे, अशा अर्थाचा हुकूम रघुनाथरावांनी दिला होता आणि आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’चा ‘मा’ करून धरण्याचे मारणे केले, अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. कथा अशी चटकदार आहे, की ऐकणाऱ्याला पुरावा मागण्याचे भानच राहत नाही. इतिहासकाराने मात्र तो मागितला पाहिजे. अक्षर बदललेला तो कागद कोठे आहे? तो कोणी पाहिला? ही गोष्ट प्रथम कोणी लिहिली, आणि खुनानंतर किती वर्षांनी? दुसरीकडे, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविले आणि त्यानंतर नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांना सत्तेवरून दूर केले, या घटना त्या काळच्या राजकारणाशी जुळतात. खुनासारख्या विषयात लोकप्रवाद एकीकडे आणि सिद्ध गोष्ट दुसरीकडे ठेवणे, हा न्याय आहे. राजवाडे यांनी महाराष्ट्राला जी दृष्टी दिली ती हीच. ज्याच्यावर आरोप करावयाचा तो मरून गेलेला असतो, त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून त्याच्याविषयी लिहिताना अधिक जपावे लागते.

याचा अर्थ राजवाडे यांनी बखरी टाकून दिल्या, असा मात्र नव्हे. बखरीतील कस काढून घ्यावा आणि हीण टाकावे, असे त्यांचे मत होते. याचे उत्तम उदाहरण उत्तर कोकणातील आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या खोऱ्यात गणेशपुरीची उष्ण पाण्याची कुंडे आहेत. जवळच वज्रेश्वरीचे देऊळ आहे. १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकणाऱ्या चिमाजी आप्पांच्या मोहिमेची स्मृती त्या देवळाशी जोडलेली आहे. या भागातील लोकांना वसईचा विजय ठाऊक असतो. परंतु पोर्तुगीज येण्याच्याही पूर्वी वसई, साष्टी, माहीम या मुलखात कोण राज्य करीत होते, हे फार थोड्यांना माहीत होते. त्या काळाची हकिकत ‘महिकावतीची बखर’ या जुन्या ग्रंथात होती. तिचे काही भाग पंधराव्या शतकातील आहेत. ही बखर राजवाडे यांनी १९२४ साली छापून प्रसिद्ध केली आणि तिला विवेचक प्रस्तावना जोडली. राजामागून राजे आले आणि गेले, एक सत्ता बुडाली, दुसरी उभी राहिली. तरी गावातील सामान्य लोक उदासीन का राहिले, असा मार्मिक प्रश्न त्यांनी तीत उपस्थित केला. राजांची कारस्थाने आणि लढाया यांच्यापलीकडे, नांगर धरणाऱ्या माणसापर्यंत त्यांची दृष्टी पोहोचली होती.

शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांनी १९२२ साली प्रकाशात आणले. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळवून ती छापली. मराठी भाषेची घडण, शब्दांच्या व्युत्पत्ती, संस्कृत व्याकरण, विवाहसंस्थेचा इतिहास, अशा नाना विषयांवर त्यांनी लेखन केले. हे सारे लेखन त्यांनी मराठीत केले. इंग्रजीत लिहिले असते तर देशोदेशीच्या विद्वानांत त्यांचे नाव लवकर झाले असते. परंतु ज्या लोकांचा इतिहास, त्यांच्याच भाषेत तो लिहिला जावा, हा त्यांचा निश्चय अखेरपर्यंत ढळला नाही.

एकट्याने कितीही धाव घेतली तरी सर्व दप्तरे वाचणार नाहीत, हे राजवाडे ओळखून होते. म्हणून ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद गोळा करावेत, जपावेत, त्यांवर निबंध वाचावेत, चर्चा करावी, असा मंडळाचा उद्देश होता. पुढे अनेक अभ्यासक या मंडळात तयार झाले आणि लक्षावधी कागदांना तेथे आसरा मिळाला.

राजवाडे थोर होते, परंतु निर्दोष नव्हते. त्यांचा स्वभाव एककल्ली होता. मतभेद झाला म्हणजे ते सहकाऱ्यांवर तुटून पडत. मंडळ त्यांनी स्थापिले खरे, पण पुढे त्याच मंडळाशी त्यांचे बिनसले आणि त्यांनी पुणे सोडले. त्यांची प्रतिभा वेगाने धावे, आणि कधी कधी ती पुराव्याच्याही पुढे जाई. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती मागाहूनच्या पंडितांनी मान्य केल्या नाहीत. पानिपतच्या पराभवाचा मोठा दोष त्यांनी गोविंदपंत बुंदेले यांच्या माथी मारला होता. गोविंदपंतांनी कामात हयगय केली, असे भाऊंच्या तगाद्याच्या पत्रांवरून त्यांना वाटले. परंतु हेच गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये, अब्दालीची रसद तोडण्याच्या कामगिरीवर असताना, शत्रूच्या अकस्मात हल्ल्यात मारले गेले होते. उतारवयात रणात देह ठेवणाऱ्या माणसावर ठेवलेला हा ठपका फार कठोर आहे, असे पुढील संशोधकांनी दाखवून दिले. हे त्यांनी दाखविले ते राजवाडे यांच्याच पद्धतीने, पत्रांच्या व तिथींच्या आधारे. गुरूने घालून दिलेल्या कसोटीवर शिष्यांनी गुरूचे मतही घासून पाहिले. ज्या विद्येत असे करता येते ती विद्या जिवंत असते, आणि ही सोय राजवाडे यांनीच करून ठेवली होती. मूळ पत्रे त्यांनी जशीच्या तशी छापली नसती, तर त्यांची चूक कोणाला दाखविताही आली नसती.

आयुष्याच्या अखेरीस राजवाडे धुळे येथे जाऊन राहिले. वयाची साठ वर्षे उलटली होती, शरीर श्रमाने झिजले होते, तरी शब्दकोशाचे व व्युत्पत्तीचे काम चालूच होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. मागे घरदार नव्हते, पैसा नव्हता. होती ती टिपणांची, नकलांची आणि जुन्या कागदांची रास. हे धन वाया जाऊ नये म्हणून धुळ्याच्या लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापिले. त्यांचे कोश व इतर काही लेखन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राने त्यांना इतिहासाचार्य म्हटले आणि त्याच नावाने ते ओळखले जातात.

राजवाडे यांनी लढाई मारली नाही, राज्य मिळविले नाही. परंतु ज्यांनी लढाया मारल्या आणि ज्यांनी त्या गमावल्या, त्या सर्वांची खरी हकिकत नष्ट होण्याच्या बेतात असताना त्यांनी ती वाचविली. त्यांनी वाचविलेल्या पत्रांत विजयाची पत्रे आहेत, तशीच पराभवाचीही आहेत. निष्ठेची आहेत, तशीच कपटाचीही आहेत. त्यांतील एकही त्यांनी लपविले नाही. आजही एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागद सापडतात. ते रद्दीत न टाकता जाणत्या माणसाच्या हाती द्यावेत, एवढे जरी घरोघर झाले, तरी राजवाडे यांनी आरंभिलेले काम पुढे चालू राहील.